आबासाहेबांचं स्टेरिंग

वर-खाली होणारं स्टेरिंग दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा मिस्त्री अख्ख्या परभणी जिल्ह्यात नव्हता. खोटं वाटत असेल तर झरीच्या स्टँडवर कुणालाही विचारा. आता तसलं स्टेरिंग असलेली गाडीच जिल्ह्यात एक होती आणि तिला माझ्याशिवाय कुणाला हात लावू दिला जात नव्हता, ही गोष्ट वेगळी. चौथीच्या वर्गात मी दोन वर्षं काढली, तेव्हा दुसऱ्या वर्षी वर्गात सगळ्यात जाणता मीच होतो. तशातलाच हा प्रकार.

कंदील जरा इकडं सरकवा. लाईट काही आता यायची नाही. आणि असे खांदे आवळून बसू नका, ही गोष्ट रात्रीची नाही. रात्रीच्या भुतांशी माझी ओळख नाही, कारण रात्री मी झोपतो. ही भर दुपारची गोष्ट आहे, वैशाखातली.

तुम्ही बघितलं असेल, गॅरेजात गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी मी काचेला नाक लावतो आणि विचारतो, "आत कुणी हाय का?" गिऱ्हाईक हसतं. म्हणतं, लिंबाजी मिस्त्री म्हातारा झाला तरी मस्करी सोडत नाही. मीही हसतो. पण उत्तर येत नाही एवढी खात्री झाल्याशिवाय पान्याला हात लावत नाही.

तर आबासाहेब. झरीच्या शिवेवरचे बागाईतदार. घर मळ्यातच, घराला लागून पत्र्याचं शेड आणि शेडात गाडी. गाडी विलायती, लांबलचक, हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या पोरानं विकायला काढलेली. आबासाहेबांनी ती रंग बघून घेतली नाही, इंजिन बघून घेतली नाही. पोट बघून घेतली. स्वतःचं. आधी त्यांच्याकडे जीप होती. जीपचं स्टेरिंग पोटात असं रुतायचं की वळणावर आधी जीप वळते की आबासाहेब, हे समोरच्याला कळायचं नाही. ह्या गाडीच्या स्टेरिंगच्या दांड्याला डाव्या अंगाला एक बारकी कळ होती. ती ओढली की आतली स्प्रिंग स्टेरिंगला वर फेकायची. खट्ट! मग आधी पोट आत घालायचं, मागून आपण बसायचं आणि स्टेरिंग खाली ओढून घ्यायचं. उतरताना परत कळ, परत खट्ट. पोट बाहेर, मागून आबासाहेब.

त्या खट्टवर ते घर चालायचं. आबासाहेब सकाळी बाहेर पडायचे, गावात चार जणांना शहाणपण शिकवायचे, शनिवार असला तर पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेऊन यायचे आणि ऊन डोक्यावर आलं की घरी. कस्तुराबाई वैनी चुलीपाशी. जाळाच्या आवाजात त्यांना इंजिन ऐकू यायचं नाही, पण खट्ट बरोबर ऐकू यायचं. ते झालं की त्या उठायच्या आणि ताट वाढायला घ्यायच्या. आबासाहेब हातपाय धुऊन पाटावर येईपर्यंत भाकरीतून वाफ निघत असायची. नवरा जेवल्याशिवाय वैनी घास घ्यायच्या नाहीत. म्हणजे त्या खट्टची वाट दोन पोटं बघायची, एक मोठं आणि एक बारीक.

आबासाहेबांची दुसरी खोड अंगठीची. उजव्या हातात पोवळ्याची जाडजूड अंगठी आणि तोंडात कायम किमामचं पान. पान थुंकायला नको म्हणून ते हाक मारायचेच नाहीत. काचेवर अंगठी वाजवायची. टक टक... टक. स्वतः आत बसलेले असले तर आतून, आणि मी दुरुस्तीच्या नावाखाली मागच्या सीटवर झोपलेलो असलो तर बाहेरून.

एकदा काय झालं, जेवण जड झालं म्हणून आबासाहेब गाडीतच डुलकी काढत होते. काचा वर, तोंड उघडं. मी हळूच दार उघडलं, कळ ओढली, स्टेरिंग पार खालच्या खाचेत दाबलं. पोटावर झाकण बसलं. मग ती कळ फिरवून काढली, खिशात घातली आणि दार लोटून दिलं. जागे झाले तर हलता येईना. हॉर्न पोटाखाली, तो थांबेना. रानातल्या बाया खुरपी टाकून धावत आल्या, त्यांना वाटलं विहिरीत कुणी पडलं. आबासाहेब आत घामाघूम, आम्ही बाहेर हसून बेजार. ते काचेवर अंगठी वाजवायलेत, टक टक... टक. मी बाहेरून पान्यानं उत्तर द्यायलोय, टक टक... टक. वैनी ओसरीवर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी तेवढंच बघितलं.

सोडवल्यावर मला वाटलं, आता पायताण बसतंय. पण ते शेडाच्या दारात उन्हात उभे राहिले, दम खाल्ला आणि म्हणाले, "लिंब्या, कुणाला आत डांबू नये रे. मस्करीतबी न्हाई. भाईर पडायची वाट ठेवावी मान्साला." म्हणाले ते हसतच. पण कळ दोनदा ओढून बघितली, मगच घरात गेले.

ते गेले तेही गाडीतच. थंडीचे दिवस होते. दुपारी गाडी शेडात शिरली, इंजिन थांबलं आणि खट्ट झालंच नाही. वैनी चुलीपाशी बसून राहिल्या. भाकरी गार झाली, परत तव्यावर टाकली, परत गार झाली. शेवटी त्या शेडात गेल्या. आबासाहेब स्टेरिंगवर हात ठेवून बसलेले होते. डोळे अर्धे उघडे, पान तोंडातच.

बाहेर काढायचं तर कळ अडकलेली. मला बोलावणं आलं. गडीमाणसं दाराशी गप्प उभी, आणि मी हातोडा घेऊन आत वाकलेलो. मेलेल्या माणसाचं पोट माझ्या खांद्याला लागत होतं आणि मी खालून स्टेरिंगवर घाव घालत होतो. इतका थकवा मला कधी आला नाही. बऱ्याच घावांनंतर आत काहीतरी सुटल्यासारखं झालं.

खट्ट.

आणि घरातून भांड्याचा आवाज आला. ओसरीवर रडून रडून गळालेल्या वैनी उठून आत गेल्या होत्या आणि त्यांनी फळीवरून ताट काढलं होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही. त्या दिवशी मी मस्करी केली नाही. आयुष्यातला तेवढाच दिवस वाया गेला.

अंगठी काढून जावयाच्या बोटात घातली. तो आणि लेक सुमन नांदेडला राहायचे, दिवसकार्य झाल्यावर ते निघून गेले. वैनी मळ्यात एकट्या राहिल्या. गाडी शेडात तशीच.

उन्हाळा लागला आणि त्यांचा निरोप आला, लिंबाजीला म्हणावं हत्यारं घेऊन ये.

नामांतराचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद, परवा पोलिसांच्या गाड्या. मी गेलो त्या दिवशी असाच बंद होता. एसटी नाही, ट्रक नाही, स्टँडवरची हाटेलं झाकलेली. हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून मी निघालो. रस्त्यावर डांबर वितळलेलं, चाकाला चिकटून चर्र-चर्र करत होतं, आणि त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. वाटेत एक कुत्रं भेटलं. भुंकायला त्यानं तोंड उघडलं आणि विचार बदलला.

वैनी ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. माणूस वाळतो म्हणजे किती वाळतो, ते बघून घ्यावं. डोळ्यांखाली काळं, हातातल्या काचेच्या बांगड्या तर गेल्याच होत्या, पण हातही गेल्यासारखे दिसत होते.

"काय वैनी," मी म्हणालो, "गाडी शिकायचा इरादा हाय का काय? मला क्लीनर ठिवा."

"बस खाली. लय बोलू नको. मला ऐकायचीबी ताकद राह्यली न्हाई."

मी बसलो. माठातलं पाणी प्यालो. त्या शेडाकडं बघत होत्या.

"गाडीतून आवाज येतो रे," त्या म्हणाल्या. "दुपारचा. खट्ट."

मला हसू आलं. मी म्हणालो, "येनारच की. मी तवा हातोडे घातले. आत चार बोल्ट असतात, ते ढिले झाले असतील. कळीचे दात झिजले असतील. वरून पत्रा तापतो, लोखंड फुगतं. स्प्रिंग दाबच दिती, तिला धरनारं कुणी न्हाई. मंग स्टेरिंग उडतं वर. ह्यात भ्यायचं काय?"

"आसंल. ते तुला ठावं." वैनींनी पदरानं मान पुसली. "स्प्रिंग वर फेकती म्हन्लास ना?"

"व्हय."

"मंग दुसऱ्या दिशी परत वर फेकायला, ते खाली कोन वढतं?"

मी म्हणालो, "मांजर असंल." मांजर त्यांच्या पायाशीच झोपलेली होती. तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं.

"मला भ्या न्हाई वाटत," वैनी म्हणाल्या. "समदा जल्म त्यायच्या ताटाशी बसून गेला, आता काय भ्यायचं? पर खट्ट झालं की माझे पाय उठत्यात. मी न्हाई उठत रे, पाय उठत्यात. ताट वाढते. वारा घालत बसते. घटकाभरानं ताट उचलते, गाईला घालते. तवर शेडात खाली बसल्याचा आवाज येतो. मंग मी खाते. खाऊबी वाटत न्हाई. सुमन सारखा निरोप धाडायली, आई नांदेडला ये, आई नांदेडला ये. कशी जाऊ? मी गेले आन् हितं खट्ट झालं, तर ताट कोन वाढंल?"

मी हत्यारांची पिशवी जवळ ओढली.

"तेवढं खट्ट बंद कर, लिंबाजी. ते वाजलं न्हाई तर मी सुटले. ट्रंक भरूनच ठिवलीय. मला लेकीच्या दारात बसून राह्यचंय. दुपारभर. नुसतं बसून."

"करतो की. पार जाम करून टाकतो. ठिवू कसं, वर का खाली?"

"खाली," त्या म्हणाल्या. "वर आसलं की दारातून बघितल्यावर कुनीतरी उतरून गेल्यावानी दिसतं."

शेडाचं दार मी पायानं लोटलं. बाहेरच्या उजेडातून आत गेलं की काही वेळ आंधळंच व्हायला होतं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाच्या सुया खाली उतरलेल्या आणि त्यात धूळ हळूहळू फिरत होती. वास येत होता. रबराचा, जुन्या पेट्रोलचा, तापलेल्या रेग्झिनचा. आणि त्यांच्या खालून दुसरा एक. किमामचा. जुना, विटलेला नव्हे. आत्ताच कुणीतरी पान दाढेखाली धरल्यासारखा, ओला.

स्टेरिंग खाली होतं.

मी म्हटलं, आधी रोग बघावा, मग औषध. ड्रायव्हरच्या जागी काही मी बसलो नाही. आबासाहेबांचा मान म्हणून बसलो नाही, असं मी नंतर लोकांना सांगायचो. बाजूच्या सीटवर बसलो आणि दार उघडं ठेवलं. बिडी काढली, पण काडी ओढायचा धीर झाला नाही. आवाज होईल म्हणून. कुणाला आवाज होईल, ते मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

बंदामुळं रस्ता मेलेला. मोट नाही, पंप नाही, पाखरू नाही. वरचा पत्रा उन्हानं तडतडायचा, थांबायचा, परत तडतडायचा. मानेवरून घाम उतरत होता. डोळे मिटायला लागले. शेजारी कुणी असलं की दुपारी जशी सोबतीची गुंगी येते, तशी गुंगी यायला लागली...

शेजारच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. लांब, हळूच. जड माणूस उतरायच्या आधी बूड सरकवतो, तशी.

खट्ट.

स्टेरिंग वर गेलं होतं. थरथरतही नव्हतं. आणि घरातून पितळी ताट ठेवल्याचा आवाज आला.

मी घाबरलो नाही. मी फक्त गाडीतून उतरलो आणि विहिरीवर पाणी प्यायला गेलो. विहिरीवर गेल्यावर लक्षात आलं, एक चप्पल शेडातच राहिली. दुसरी वाटेत कुठंतरी. वैशाखातली जमीन, पाय भाजत होते, ते मला पाणी पिऊन झाल्यावर कळलं.

परत गेलो, कारण हत्यारं आत होती. मिस्त्री बायको सोडून पळेल, पुलर सोडून पळत नाही. आणि दुसरं म्हणजे ओसरीवरून जाताना मी घरात बघितलं. वैनी रिकाम्या पाटासमोर बसल्या होत्या. एक हात जमिनीला टेकलेला आणि दुसऱ्या हातानं वारा घालत होत्या. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पंखा हलत होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपेतसुद्धा हात थांबत नव्हता. ते बघून मला वाटलं, आत काय असेल ते असो, ह्या बाईचा हात थांबला पाहिजे.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मी बाहेरच गुडघ्यावर बसलो आणि कामाला लागलो. हॉर्नची टोपी काढली. नट सोडला, पुलर लावून स्टेरिंगचं चाक ओढून काढलं, मागच्या सीटवर ठेवलं. आत बघतो तर मी म्हणालो तसंच. चारही बोल्ट बोटानं फिरत होते. मला बरं वाटलं. ढिला बोल्ट दिसला की मिस्त्रीला देव दिसल्यासारखं होतं, सगळ्याला कारण मिळतं.

मग स्प्रिंग काढली. स्प्रिंग काढल्यावर दांड्याचं डोकं खाली येणारच, वजनानं. मला ते माहीत होतं. मी हात धरूनच होतो. ते खाली आलं. पण लोखंड पडतं तसं आलं नाही. कुणीतरी आपल्याकडं ओढून घेतं तसं, अलगद, माझ्या हातातून आलं... आणि त्याच वेळी घरात परत ताट वाजलं. आता ते खाली ठेवल्याचं वाजलं की उचलल्याचं, मला सांगता आलं नसतं. झोपेत हात लागूनही वाजलं असेल. सीटकडं बघितलं. रेग्झिन खोल दबलेलं होतं. पण ते कायमच दबलेलं असायचं, इतक्या वर्षांच्या वजनानं.

माझ्या कपाळावर गरम वारं आलं. किमामचं.

मी पाना लावला आणि आवळलं. चारही बोल्ट जीव खाऊन आवळले. तरी समाधान होईना म्हणून कळीच्या दातात लोखंडी पट्टी ठोकून बसवली, की आता कळ नाही, दात नाही, काही नाही. चाक परत चढवलं, खालच्या खाचेत. दोन्ही हातांनी वर ओढलं, पाय लावून ओढलं. हललं नाही. राहिलेली कळ फिरवून काढली आणि सवयीनं खिशात घातली. काचा वर केल्या, चारही दारं लावली, किल्ली फिरवली.

वैनी ओसरीवर आल्या होत्या. किल्ली त्यांच्या हातात दिली.

"झालं?"

"झालं. आता नुसतं बसा."

"असं न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी तू हितं पायजेस. दुपार गेली की मी एसटी धरते. एकटीला मला त्या येळंला बसवनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी बंद उठला होता. दुपारची परभणीची एसटी मळ्याच्या फाट्यावर थांबायची, तिथून पुढं नांदेडची आगगाडी. मी गेलो तेव्हा वैनींची ट्रंक ओसरीच्या पायरीवर होती. मांजर शेजारणीकडं पोचवलेली. चूल सारवलेली. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकच केला नव्हता. एका फडक्यात दोन शिळ्या भाकरी, गाडीत खायला.

आम्ही बसलो. त्या खांबाला टेकून, मी पायरीवर. समोर शेडाचं दार, अर्धं लोटलेलं.

ऊन डोक्यावर आलं. सावल्या पायाखाली शिरल्या. वैनींच्या हाताची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती, ती थांबली. पत्रा तडतडला...

काही नाही.

पत्रा परत तडतडला. खट्ट नाही. वेळ सरत गेला. सावल्या पायाखालून जराशा बाहेर आल्या. वैनींनी आपल्या पायांकडं बघितलं, परक्याच्या पायांकडं बघावं तसं. पाय उठले नाहीत. त्यांनी ते सरळ पसरले. माझ्यासमोर त्यांनी पाय पसरलेले मी कधी बघितले नव्हते.

"न्हाई वाजलं," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

"म्या काय म्हन्लं हुतं?"

त्यांनी डोकं खांबाला टेकवलं. डोळे मिटले. तोंड थोडं उघडं पडलं, आणि कपाळावरची आठी, जी मी कुंकवासारखी कायमचीच समजत होतो, ती सुटली. झोपल्या. बसल्या बसल्या. मी बिडी काढली आणि ह्या खेपेला काडी ओढली. मनात म्हणालो, लिंबाजी, तू जलमभर लोकांच्या झोपा उडवल्यास. एकदा तरी कुणाला झोप दिलीस.

टक टक.

बिडी ओठातच राहिली.

... टक.

शेडातून. काचेवर. आतून की बाहेरून, ते ओसरीवरून कळत नव्हतं. हळू, घाई नसलेलं. उत्तराची वाट बघत असल्यासारखं.

वैनींनी डोळे उघडले. डोकं खांबालाच टेकलेलं होतं.

"चिमनी असंल," मी म्हणालो. "शेडात घरटी हाईत. काचेत सोताचंच रूप दिसतं, तिला वाटतं सवत आली. चोच मारीत बसती."

वैनींनी एक बोट वर केलं, ऐक म्हणून.

टक टक... टक.

दूर रस्त्यावर एसटीचा आवाज आला. फाट्याच्या चढाला गियर बदलल्याचा. मी उठलो, ट्रंकेची कडी धरली. ट्रंक हलकी होती. एवढ्या संसारातून त्यांनी फार थोडं घेतलं होतं. खिशातली ती कळ मांडीला टोचत होती.

"चला वैनी. गाडी आली. तुमी कशाला फिकीर करता? स्टेरिंग म्या जाम केलंय. आता परतेक्ष ब्रम्हदेव आला तरी ते वर उचलायचं न्हाई."

वैनींनी पाय जवळ ओढून घेतले. एसटी फाट्यावर थांबली, हॉर्न वाजला, कुणीतरी उतरलं, घंटी वाजली आणि ती निघून गेली. त्या शेडाकडंच बघत होत्या. मग माझ्याकडं बघितलं. तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. नुसता थकवा होता, कालचाच, परत येऊन बसलेला.

"ब्रम्हदेवाचं ऱ्हाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "तू आवळलंस, तवा ते माझ्या ताटावर हुते, का गाडीत?"